एमएच ३७० चा शोध आणि जगभरचे तर्क : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

८ मार्च २०१४ रोजी मध्यरात्र उलटल्यावर, मलेशियाच्या घड्याळात १२ वाजून ४२ मिनिटे झाली असताना, मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघाले. बोइंग ७७७-२००ईआर, नोंदणी ९एम-एमआरओ. विमानात २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी. प्रवाशांत दीडशेहून अधिक चिनी, पाच भारतीय. १ वाजून ७ मिनिटांनी विमानातल्या एकार्स यंत्रणेने, म्हणजे विमानाची स्थिती आपोआप जमिनीवर कळवणाऱ्या यंत्रणेने, शेवटचा नियमित अहवाल धाडला. १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिकाने क्वालालंपूरच्या नियंत्रकाचा निरोप घेतला. दोनच मिनिटांनी, इगारी नावाच्या मार्गबिंदूजवळ, ट्रान्सपाँडर (नागरी रडारला विमानाची ओळख कळवणारा संच) बंद झाला आणि नागरी रडारवरची खूण नाहीशी झाली.

इगारीपाशी क्वालालंपूरचे नियंत्रण संपते आणि व्हिएतनाममधल्या हो ची मिन्हचे सुरू होते. क्वालालंपूरला वाटले, विमान पुढच्या हाती गेले. हो ची मिन्हला वाटले, अजून आले नाही. हो ची मिन्हची विचारणा आली ती १ वाजून ३९ मिनिटांनी. मग विमान कंपनीच्या कक्षातून सांगण्यात आले की विमान कंबोडियाच्या हद्दीत दिसते आहे. पडद्यावर जे दिसत होते ते विमानाचे खरे ठिकाण नव्हते. उड्डाण-आराखड्यावरून संगणकाने पुढे सरकवलेला तो अंदाज होता. हा खुलासा व्हायला साडेतीन वाजले. शोध-बचाव केंद्राला जाग आली साडेपाचला.

दरम्यान मलेशियाच्या लष्करी रडारवर एक ठिपका इगारीपासून डावीकडे वळून द्वीपकल्प ओलांडत, पिनांगच्या बाजूने मलाक्काच्या सामुद्रधुनीत वर सरकत होता. तो शेवटचा दिसला २ वाजून २२ मिनिटांनी. त्या क्षणी कोणी त्याची दखल घेतली नाही; रेकॉर्डिंग नंतर तपासले गेले.

या अभ्यासाचा विषय अपघाताचे कारण हा नाही. ते आजही ठरलेले नाही. शोधाच्या काळात कोणती माहिती कधी आणि कशी बाहेर आली, तिच्यातून लोकांनी कोणते तर्क बांधले, त्यांतले कोणते शोधाच्या उपयोगी पडले आणि कोणत्यांनी नातेवाइकांना नाहक होरपळवले, एवढेच इथे पाहायचे आहे. वैमानिक, प्रवासी आणि त्यांचे कुटुंबीय यांची नावे मुद्दाम टाळली आहेत.

पहिल्या आठवड्यातली अडचण

शोध सुरू झाला दक्षिण चीन समुद्रात, इगारीच्या आसपास. नागरी रडारवरचे शेवटचे ठिकाण तेच, त्यामुळे सुरुवात तिथून होणे बरोबरच होते. गडबड झाली ती पुढे.

९ मार्चला हवाई दलाने सांगितले की विमान मागे वळले असण्याची शक्यता आहे. त्याच दिवशी शोध मलाक्काकडेही वाढवला गेला, पण का, हे नीट सांगितले नाही. ११ मार्चला एका मलेशियन वृत्तपत्राने हवाई दलप्रमुखांच्या हवाल्याने छापले की विमान मलाक्काच्या सामुद्रधुनीत रडारवर दिसले होते. दुसऱ्या दिवशी हवाई दलप्रमुखांनी आपण तसे बोललोच नाही असे सांगितले. व्हिएतनामने वैतागून आपला शोध आवरता घेतला. १३ मार्चला एका अमेरिकी वृत्तपत्राने छापले की रडारवरून गेल्यानंतरही विमान चार तास उडत होते. मलेशियाच्या मंत्र्यांनी ते चुकीचे ठरवले. १५ मार्चला पंतप्रधान नजीब रझाक यांनी स्वतः जाहीर केले की उपग्रहाशी विमानाचा संपर्क सकाळी ८ वाजून ११ मिनिटांपर्यंत होता. म्हणजे बातमीतला तपशील चुकला होता, गाभा खरा होता. आधी फुटलेली माहिती, मग सरकारी नकार, आणि दोन दिवसांत त्याच माहितीला सरकारी दुजोरा. लोकांनी यातून एकच धडा घेतला: सरकार नाकारते ते खरे असते. पुढच्या दहा वर्षांतल्या बहुतेक कटकथांचे बी इथे पेरले गेले.

त्याच आठवड्यात समुद्रात जे जे दिसले ते विमानाचे ठरत गेले. दक्षिण चीन समुद्रात तेलाचा तवंग दिसला. तपासणीत ते जहाजाचे इंधन निघाले. पिवळी तरंगती वस्तू जीवरक्षक तराफा वाटली. ते शेवाळलेल्या केबलच्या रिळाचे झाकण होते. १२ मार्चला चीनच्या एका सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर तीन मोठ्या तरंगत्या वस्तूंची उपग्रहचित्रे आली. विमाने गेली, काही सापडले नाही, आणि ती चित्रे चुकून प्रसिद्ध झाली असे मलेशियाला सांगण्यात आले. दोन प्रवासी चोरीच्या पासपोर्टवर चढल्याचे उघड होताच घातपाताच्या चर्चेला तोंड फुटले. ते दोघे युरोपात आश्रय शोधणारे इराणी तरुण होते असे निष्पन्न झाले, तोवर जगभर त्यांची छायाचित्रे दहशतवादी म्हणून फिरून झाली होती.

एक बारीक पण परिणामकारक चूक पाहण्यासारखी आहे. १६ मार्चला सांगण्यात आले की एकार्स यंत्रणा वैमानिकाच्या शेवटच्या शब्दांच्या आधीच बंद केली होती. अर्थ उघड होता: बोलणाऱ्याला सगळे माहीत होते. दुसऱ्याच दिवशी विमान कंपनीने दुरुस्ती केली. एकार्स दर अर्ध्या तासाने अहवाल धाडते; १ वाजून ७ मिनिटांचा आला, १ वाजून ३७ मिनिटांचा आला नाही. यंत्रणा या तीस मिनिटांत कधीतरी थांबली, एवढेच म्हणता येते. पण एका दिवसात वैमानिकांवरचा संशय पक्का झाला होता, आणि दुरुस्तीने तो पुसला गेला नाही. शेवटच्या शब्दांचेही तेच झाले. आधी ‘ऑल राइट, गुड नाइट’ असे सांगितले गेले. ३१ मार्चला कळले की प्रत्यक्षात ‘गुड नाइट मलेशियन थ्री सेव्हन झीरो’ असे अगदी नेमाचे वाक्य होते. मधल्या काळात आधीच्या शब्दांच्या सुरावरून मानसशास्त्रीय निष्कर्ष काढून झाले होते.

उपग्रहाच्या नोंदीतून काय कळते, काय कळत नाही

पुढचे सगळे वाद याच नोंदीवर उभे आहेत, म्हणून तिचे काम समजून घेणे भाग आहे.

विमानाच्या छतावरचे संच इन्मारसॅट-३ एफ१ या उपग्रहामार्फत पर्थच्या भूकेंद्राशी जोडलेले होते. काही काळ बोलणे झाले नाही की केंद्र तासाभराने ‘आहेस का?’ अशी हाक देते आणि विमानातला संच ‘आहे’ म्हणतो. २ वाजून २५ मिनिटांनी संच स्वतःहून पुन्हा जोडला गेला. मधे त्याचा वीजपुरवठा तुटला असावा. मग ३:४१, ४:४१, ५:४१, ६:४१ आणि ८:११ ला हाकेला उत्तर आले. जमिनीवरून केलेले दोन दूरध्वनी, २:३९ आणि ७:१३ चे, कोणी उचलले नाहीत. ८ वाजून १९ मिनिटांनी संचाने पुन्हा एकदा स्वतःहून जोडणी मागितली. इंधन संपून इंजिने बंद पडली आणि सहायक वीजयंत्र क्षणभर सुरू झाले, असा त्याचा सर्वांत सरळ अर्थ आहे. ९:१५ च्या हाकेला उत्तर नाही.

प्रत्येक उत्तरातून दोन आकडे मिळतात. पहिला, संदेशाला लागलेला वेळ. त्यावरून विमान उपग्रहापासून किती लांब होते ते सुमारे १० किलोमीटरच्या अचूकतेने निघते, पण दिशा कळत नाही. म्हणून पृथ्वीवर एक वर्तुळ काढता येते; ८:१९ च्या वर्तुळाचा तुकडा म्हणजे बहुचर्चित ‘सातवा कंस’. दुसरा आकडा वारंवारतेतला फरक. गाडी जवळ येताना आणि लांब जाताना तिच्या शिट्टीचा सूर बदलतो, तसाच हा. विमानातला संच आपल्या हालचालीचा परिणाम आधीच वजा करून संदेश पाठवतो, पण ते करताना उपग्रह विषुववृत्तावर अगदी स्थिर आहे असे धरून चालतो. हा जुना, १९९६ साली सोडलेला उपग्रह थोडा उत्तर-दक्षिण डोलत होता. त्या डोलण्यामुळे वजाबाकीत जी बारीक चूक राहिली, तिनेच सांगितले की विमान दक्षिणेला गेले. शेवटच्या दोन नोंदींतला फरक विमान अतिशय वेगाने खाली येत होते असे दाखवतो.

या नोंदीतून विमान कोणी चालवत होते का, का वळवले, शेवटी कोणाचा हात नियंत्रणावर होता का, यांतले काहीच कळत नाही. कंसावरचा नेमका बिंदूही कळत नाही. कंसावर कुठे, हे ठरवायला वेग, उंची आणि वळणांविषयी काहीतरी गृहीत धरावेच लागते. ही मर्यादा पहिल्या दिवसापासून ठळकपणे सांगितली गेली असती तर पुढचे निम्मे वाद उद्भवले नसते.

समोर असलेले पर्याय

इन्मारसॅट या उपग्रह कंपनीची माहिती १२ मार्चपर्यंत मलेशियाच्या हाती होती. तेव्हा करण्यासारखे तीन मार्ग होते.

खात्री होईपर्यंत गप्प बसणे हा पहिला. त्यामागची कारणे पोकळ नव्हती. लष्करी रडार कुठे, किती लांब पाहते हे जाहीर होणे कोणत्याही देशाला परवडत नाही. उपग्रहाची ही पद्धत याआधी विमान शोधायला कधीच वापरली गेली नव्हती. इन्मारसॅटच्या अभियंत्यांना इतर विमानांच्या उड्डाणांवर ती पडताळून पाहायची होती, आणि ब्रिटनच्या अपघात तपास शाखेने ती तपासली. या पडताळणीत गेलेले दिवस मला उधळपट्टी वाटत नाहीत.

दुसरा मार्ग कळेल तसे सांगत जाण्याचा. प्रत्यक्षात घडले ते बरेचसे असे, पण अर्धवट: मंत्री, हवाई दलप्रमुख, विमान कंपनी आणि नागरी विमान वाहतूक खाते आपापल्या वेळेला आपापले सांगत होते.

तिसरा मार्ग माहिती तिच्या त्रुटीसकट, कच्च्या आकड्यांसकट जाहीर करण्याचा. हा उशिरा स्वीकारला गेला, आणि तोही नातेवाइकांच्या रेट्यामुळे.

प्रत्यक्षात घेतलेले निर्णय

१५ मार्चच्या घोषणेत दोन पट्टे सांगितले गेले: उत्तरेचा उत्तर थायलंडपासून कझाकस्तान-तुर्कमेनिस्तानच्या सीमेपर्यंत, दक्षिणेचा इंडोनेशियापासून दक्षिण हिंदी महासागरापर्यंत. गणितात दोन्ही शक्य होते, म्हणून दोन्ही सांगणे प्रामाणिकपणाचे होते. पण दक्षिणेची शक्यता जास्त आहे हे त्याच वाक्यात सांगायला हवे होते. ते न सांगितल्याने भारतात वेगळीच चर्चा पेटली. उत्तरेचा पट्टा धरला तर विमानाला भारतीय किंवा चिनी रडारांच्या टप्प्यातून जावे लागले असते. अमेरिकेच्या एका माजी उपपरराष्ट्रमंत्र्यांनी भारतीय शहरावर ९/११ सारख्या हल्ल्याची शक्यता ट्विटरवर मांडली. अंदमानातील रडार गरजेपुरतेच चालू असतात, असे तिथल्या लष्करी अधिकाऱ्याचे विधान छापून आले आणि संशयाला खाद्य मिळाले. त्या दिवसांत भारतीय नौदल, तटरक्षक दल आणि हवाई दल अंदमान समुद्रात शोध घेत होते. १६ मार्चला मलेशियाच्या पुढच्या सूचनेपर्यंत तो थांबवला गेला. नंतर भारताची पी-८आय आणि सी-१३०जे विमाने मलेशियाला पाठवली गेली.

२४ मार्चला नजीब यांनी उड्डाण दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचे सांगितले. अनेक नातेवाइकांना त्याआधी विमान कंपनीचा लघुसंदेश मिळाला, आणि तोही इंग्रजीत. बीजिंगच्या हॉटेलात आठवडे काढलेल्या माणसांना आपले माणूस गेल्याचे असे कळवणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत अक्षम्य निर्णय आहे. त्या दिवसानंतर अनेक चिनी कुटुंबांनी अधिकृत कोणत्याही गोष्टीवर विश्वास ठेवणे सोडले.

ऑस्ट्रेलियाने शोध हाती घेतला. २० मार्चला पंतप्रधान टोनी अॅबट यांनी संसदेत उपग्रहाला दोन वस्तू दिसल्याचे सांगितले, त्यातली एक सुमारे २४ मीटर लांब. २६ मार्चला फ्रेंच उपग्रहाने १२२ वस्तू दाखवल्या. वृत्तवाहिन्यांना अवशेष सापडल्यातच जमा वाटले. २८ मार्चला शोधक्षेत्र एकदम सुमारे १,१०० किलोमीटर ईशान्येला हलवले गेले, कारण रडारच्या नोंदीच्या फेरतपासणीत विमान सुरुवातीला अधिक वेगाने उडाल्याचे, म्हणजे त्याचे इंधन लवकर संपल्याचे दिसले. मग त्या १२२ वस्तू काय होत्या? समुद्रात तरंगणारा कचरा, तुटलेली मासेमारीची जाळी. दक्षिण हिंदी महासागरात असा कचरा किती आहे हे त्या आठवड्यात जगाला प्रथमच कळले. त्या वस्तू विमानाच्या नाहीत हे मात्र कोणी स्पष्टपणे जाहीर केले नाही; बातमी नुसती विझत गेली.

एप्रिलमधला निर्णय अधिक महागात पडला. ब्लॅक बॉक्सवरचा ध्वनिदर्शक ३७.५ किलोहर्ट्झवर टिकटिकतो आणि त्याची बॅटरी ३० दिवसांची. (उड्डाण-नोंद यंत्राच्या ध्वनिदर्शकाच्या बॅटरीची मुदत डिसेंबर २०१२ मध्येच संपली होती, हे मार्च २०१५ च्या अंतरिम अहवालात उघड झाले.) तीस दिवस संपत आले असताना ओशन शील्ड जहाजाने ओढलेल्या श्रवणयंत्राला ठोके ऐकू आले. त्यांची वारंवारता सुमारे ३३ किलोहर्ट्झ होती आणि ते एका ध्वनिदर्शकाच्या टप्प्यात बसणार नाहीत इतक्या लांब लांबच्या ठिकाणी मिळत होते. दोन्ही गोष्टी खटकण्यासारख्या होत्या. तरी ११ एप्रिलला अॅबट यांनी ठिकाण काही किलोमीटरांच्या आत ठाऊक असल्याचा ठाम विश्वास व्यक्त केला. ब्लूफिन-२१ या टॉर्पेडोसारख्या स्वयंचलित यानाने ८५० चौरस किलोमीटर तळ धुंडाळला. मेच्या अखेरीस जाहीर झाले की विमान तिथे नाही. आवाज बहुधा जहाजातून किंवा ओढलेल्या उपकरणातूनच येत होता. तंत्रज्ञांनी शंका आपसात बोलून दाखवणे आणि पंतप्रधानांनी खात्री जाहीर करणे, यातले अंतर लोकांच्या लक्षात राहिले.

२७ मे २०१४ ला इन्मारसॅटच्या नोंदी ४७ पानांत प्रसिद्ध झाल्या. इथून प्रकरणाला वेगळे वळण लागले.

लोकांचे तर्क: कोणते कामी आले

लोकांच्या सहभागाचे सरसकट मोजमाप करता येत नाही, कारण ‘लोक’ म्हणजे एकच गट नव्हता.

सर्वांत मोठा प्रयोग उपग्रहचित्रे तपासण्याचा. अमेरिकेतल्या एका उपग्रह कंपनीच्या टॉमनॉड मंचावर लाखो लोकांनी चित्रातले संशयास्पद ठिपके टिपले. मिळाले काहीच नाही, आणि मिळण्याची शक्यता नव्हतीच: पहिले दिवस चित्रे चुकीच्या समुद्राची होती. लाटांचा फेस, बोटी, ढगांच्या सावल्या यांत नवख्या डोळ्याला फरक कळत नाही. अनेकांनी एकाच ठिपक्यावर बोट ठेवले की तो खरा वाटू लागतो, हा धोका वेगळाच. पद्धत वाईट नाही. पुरात बुडालेली घरे मोजायला ती उत्तम चालते, कारण घर कसे दिसते हे सगळ्यांना माहीत असते.

उलट, नोंदी खुल्या झाल्यावर अभियंते, भौतिकशास्त्रज्ञ आणि उपग्रहतज्ज्ञ यांचा एक स्वतंत्र गट आपसूक जमला. डंकन स्टील, व्हिक्टर इयानेलो, माइक एक्सनर हे त्यातले काही. त्यांनी मार्गांची गणिते स्वतंत्रपणे केली, एकमेकांच्या चुका काढल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाला कंसावरचे विशिष्ट क्षेत्र सुचवले. मंडळाने त्यांची दखल घेतली. इथे तर्काला आधार आकड्यांचा होता आणि चूक दाखवता येत होती, म्हणून तो उपयोगी ठरला. नोंदी लवकर खुल्या झाल्या असत्या तर हेच काम मार्चमध्ये सुरू झाले असते.

अवशेषांच्या बाबतीत तर अधिकृत यंत्रणेच्या पुढे सामान्य माणसे होती. २०१४ मध्ये मंडळाच्या प्रवाह-गणिताने अवशेष सुमात्राच्या किनाऱ्याला लागतील असे सांगितले. त्या गणितात चूक होती, ती मंडळाने २०१५ मध्ये मान्य केली. पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठातले समुद्रशास्त्रज्ञ चरिथ पट्टियाराच्ची यांचे गणित मादागास्कर आणि आफ्रिकेकडे बोट दाखवत होते. २९ जुलै २०१५ ला रियुनियन बेटावर किनारा साफ करणाऱ्या कामगारांना विमानाचा फ्लॅपरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा एक हलता भाग, सापडला. पुढे ब्लेन गिब्सन या अमेरिकी वकिलाने पट्टियाराच्चींच्या सल्ल्याने मोझांबिकच्या वाळूच्या पट्ट्यावर ‘नो स्टेप’ लिहिलेला तुकडा शोधला. टांझानियाच्या पेम्बा बेटावर उजव्या पंखाचा बाहेरचा फ्लॅप (विमान उतरताना पंखामागून बाहेर काढतात तो फलक) मिळाला, मॉरिशसला डाव्या पंखाच्या बाहेरच्या फ्लॅपचा तुकडा. फ्लॅपरॉन आणि हे दोन, असे तीन तुकडे निश्चित ठरले. फ्लॅपच्या तपासणीतून तो शेवटच्या क्षणी बहुधा आत घेतलेल्या स्थितीत होता असे दिसले. म्हणजे कोणी विमान अलगद पाण्यावर उतरवत होते या तर्काला आधार उरला नाही.

ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेने पुढे दुसऱ्या ७७७ चा खरा फ्लॅपरॉन आणून, हरवलेल्यासारखा कापून समुद्रात सोडला. लाकडी नमुन्यांपेक्षा तो वेगाने आणि वाऱ्याच्या दिशेपासून सुमारे २० अंश डावीकडे वाहत गेला. या एका प्रयोगाने संभाव्य ठिकाण ३५ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास आणले. आधीच्या शोधक्षेत्राच्या अगदी लगत, थोडे उत्तरेला.

आता निरुपयोगी आणि घातक तर्क. विमान हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या अमेरिकी तळावर उतरवले, हा तर्क आजही फिरतो. त्याला खोटे ठरवण्याचा मार्गच नाही, कारण प्रत्येक पुरावा ‘पेरलेला’ ठरवता येतो; आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या अवशेषांबाबतही तेच म्हटले गेले, आणि ते शोधणाऱ्या गिब्सन यांना धमक्या आल्या. प्रवाशांचे फोन वाजत होते, हा नातेवाइकांना सर्वांत जास्त दुखावणारा तर्क. फोन लावणाऱ्याला ऐकू येणारी रिंग समोरच्या यंत्रातून येत नाही. समोरचा फोन शोधला जात असतानाही नेटवर्क ती वाजवते, म्हणून चार रिंग वाजून फोन बंद असल्याची सूचना येऊ शकते. दूरसंचार कंपन्यांनी पहिल्या आठवड्यात एवढे समजावले असते तर अनेक घरांत आशेने जागून काढलेल्या रात्री वाचल्या असत्या. २०१६ च्या जुलैत चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेले हवाई दलाचे एएन-३२ विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरात नाहीसे झाले, तेव्हा भारतातही हाच दावा झाला होता.

मधल्या श्रेणीतला तर्क सिम्युलेटरचा, म्हणजे संगणकावर उड्डाणाचा सराव करण्याच्या यंत्रणेचा. कप्तानाच्या घरच्या सिम्युलेटरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातले बिंदू सापडले हे २०१६ मध्ये फुटून बाहेर आले. ती वस्तुस्थिती आहे. तिच्यावरून हेतू सिद्ध होत नाही, हेही तितकेच खरे. अधिकाऱ्यांनी ती स्वतः, संदर्भासह सांगितली असती तर तिला गौप्यस्फोटाचे रूप आले नसते. अलीकडचा वाद हौशी रेडिओच्या मंद संकेतांच्या नोंदीचा. त्या संकेतांत विमानाच्या खुणा दिसतात असा दावा २०२१ पासून झाला. तो रेडिओ-प्रघात तयार करणारे जो टेलर यांनीच ही नोंद अशा कामाला लायक नसल्याचे सांगितले. तरी हा दावा दिएगो गार्सियाच्या पंक्तीत बसत नाही, कारण त्याने विशिष्ट बिंदू सांगितला. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्या बिंदूभोवतीची जुनी सोनार चित्रे (ध्वनिलहरींनी टिपलेली समुद्रतळाची चित्रे) पुन्हा तपासली. तिथे विमान आढळले नाही.

परिणाम

खोल पाण्यातला पहिला शोध १,२०,००० चौरस किलोमीटरचा झाला, बहुतांश चार किलोमीटर खोलीवर. १७ जानेवारी २०१७ ला तो थांबला. वाटेत एकोणिसाव्या शतकातल्या दोन बुडालेल्या मालवाहू जहाजांचे सांगाडे मिळाले, विमान नाही. थांबण्याच्या आधीच, नोव्हेंबर २०१६ मध्ये, तज्ज्ञांच्या बैठकीने लगतचे २५,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र सुचवले होते. नेमका नवा पुरावा हवा म्हणून सरकारांनी ते नाकारले. माझ्या मते हा निर्णय चुकला: जहाजे पाण्यात होती, माणसे तयार होती.

२०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी कंपनीने ‘सापडले तरच पैसे’ या अटीवर आठ स्वयंचलित यानांनी सुमारे १,१२,००० चौरस किलोमीटर पाहिले. दोन्ही मिळून महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ पाऊण भाग. जुलै २०१८ च्या मलेशियाच्या अहवालाने कारण ठरवता येत नाही आणि बाहेरच्या व्यक्तीचा हस्तक्षेप नाकारता येत नाही असे नोंदवले. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीशी १५,००० चौरस किलोमीटरच्या नव्या क्षेत्रासाठी, सापडल्यास ७ कोटी डॉलर, असा करार झाला.

नियम मात्र बदलले. विमानांचे ठिकाण दर १५ मिनिटांनी कंपनीला कळावे, असे ठरले. ध्वनिदर्शकाची बॅटरी ३० ऐवजी ९० दिवसांची झाली. संकटातल्या नव्या विमानाने दर मिनिटाला आपोआप ठिकाण कळवण्याचा नियमही आला.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट, रोज एकाच वेळी, एकाच तोंडाने, तीन याद्या: काय ठाऊक आहे, काय तपासले जात आहे, कालचे काय मागे घेतले. तिसरी यादी या प्रकरणात कधीच निघाली नाही. तवंग, तराफा, १२२ वस्तू, एप्रिलचे ठोके, यांतले प्रत्येक तिच्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यायला हवे होते, आणि का मागे घेतले तेही.

दुसरी, लष्करी रडारचा प्रश्न. रडारची क्षमता न सांगता मार्ग सांगता येतो: वेळ, स्थान आणि ‘स्रोत: रडार’ एवढे पुरेसे असते. असा मार्ग ९ मार्चला जाहीर झाला असता तर दक्षिण चीन समुद्रातली जहाजे आठवडाभर अडकली नसती.

तिसरी, ठिकाण सांगताना बिंदू न देता संभाव्यतेचा नकाशा द्यावा. ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण शास्त्रज्ञांनी पुढे हेच केले: शेवटच्या रडार स्थानापासून असंख्य संभाव्य मार्ग काढायचे, प्रत्येक उपग्रह-नोंदीशी ताडून त्यांना वजन द्यायचे आणि उरलेल्यांचा दाटपणा रंगवायचा. असा नकाशा नव्या पुराव्याने सरकला तर लोकांना तो खोटेपणा वाटत नाही. राजकीय नेत्याच्या तोंडी ‘ठाम विश्वास’ हे शब्द असू नयेत. विश्वासाचे प्रमाण नकाशावरच दिसते.

चौथी, कच्च्या नोंदी लवकर खुल्या करणे. पडताळणीला लागलेले बारा दिवस समजण्यासारखे आहेत. त्यानंतरचे दोन महिने नाहीत. नोंदींसोबत त्या वाचायच्या कशा, कोणत्या आकड्यात किती चूक संभवते, हे लिहिले पाहिजे. ४७ पानांत ते अपुरे होते आणि पहिले कित्येक आठवडे बाहेरच्या तज्ज्ञांचा वेळ तेच उलगडण्यात गेला.

पाचवी, बाहेरून येणारा प्रत्येक तर्क एका चाळणीतून जावा. त्याने ठिकाण सांगितले आहे का? ते ठिकाण सातव्या कंसाशी जुळते का? इंधन तिथवर पुरते का? त्या भागाची सोनार चित्रे आधीच आहेत का? या चार प्रश्नांना उत्तर असेल तर तर्क तज्ज्ञाकडे जावा आणि निकाल मांडणाऱ्याला कळवावा. उत्तर नसेल तर त्याच्यावर जाहीर वाद घालून त्याला मोठे करू नये.

सहावी, नातेवाइकांना जगाच्या आधी, समोरासमोर, त्यांच्या भाषेत सांगणे. चिनी कुटुंबांसाठी मंदारिन, इतरांसाठी त्यांची त्यांची भाषा. फोनच्या रिंगसारख्या शंकांची उत्तरे देणारा तंत्रज्ञ त्या खोलीत रोज हजर असावा.

आणि अवशेष. मादागास्कर, मोझांबिक, टांझानिया, मॉरिशस, रियुनियन इथल्या मच्छीमारांना, किनारा-सफाई कामगारांना आणि शाळांना २०१४ च्या अखेरीस साधे पत्रक पोचायला हवे होते: मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गाभा असलेला हलका फलक म्हणजे काय, भागक्रमांक कुठे छापलेला असतो, कोणाला कळवायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, वस्तूवर चिकटलेले बार्नकल नावाचे कवचधारी जीव खरवडायचे नाहीत, वस्तू गोड्या पाण्याने धुवायची नाही. त्या कवचांच्या थरांत वाटेतल्या पाण्याच्या तापमानाची नोंद असते. तिच्यावरून प्रवासाचा मार्ग मागे नेता येतो. सापडलेले तुकडे घरात शोभेला ठेवले गेले, कचऱ्यात गेले किंवा जाळले गेले असण्याची शक्यता सोळा महिन्यांच्या त्या गप्प काळात सर्वाधिक होती.